पिवळ्यातले दोन सेकंद

४ मार्च

आजपासून अकरा चौकांचे सिग्नल माझ्या हातात. मोठ्या साहेबांनी फायलींचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "जरा नव्या नजरेनं बघा." नोकरीला पाच महिने झालेत, अजून कायम व्हायची आहे, आणि एकदम अकरा चौक. घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते.

अकरांत सगळ्यात बदनाम उताराचा चौक. सकाळी तिथली रांग शाळेच्या फाटकापर्यंत जाते आणि लोक आमच्या खात्याचा उद्धार करतात. फाइल उघडली तर पहिल्याच पानावर कारण सापडलं: पिवळा दिवा पाच सेकंद. पाच सेकंदांत माणूस चष्मा काढून, पुसून, परत घालतो. साधं गणित आहे. ताशी चाळीसनं येणारी मोटार सेकंदाला अकरा मीटर जाते. पिवळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद, म्हणजे अकरा मीटर. मग थांबायला वीस. एकूण एकतीस. तीन सेकंदांचा पिवळा रग्गड झाला.

दोन सेकंद जास्तीचे का, हे शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलं आहे: "उ. प्रवा." उजवा प्रवाह. उजवीकडे वळणाऱ्या गाड्यांसाठी कोणीतरी कधीकाळी वाढवले असणार. ते वळण बंद होऊन तीन वर्षं झाली. पाहुणा केव्हाच गेला, पण त्याचं अंथरूण अजून घातलेलं. दोन सेकंद पिवळ्यातून काढून हिरव्याला देणार. एवढी सोपी गोष्ट आजवर कुणाला सुचली नाही याचं नवल वाटलं आणि, खरं सांगायचं तर, बरंही वाटलं.

५ मार्च

जेवताना सगळ्यांना सांगितलं. नवऱ्याला कौतुक वाटलं, पण तो भात कालवत होता. सासूबाईंनी "हुशार आहेस" म्हणून भाजी वाढली. अप्पा, म्हणजे माझे सासरे, बत्तीस वर्षं शहर बस चालवतात, आठ महिन्यांनी निवृत्त होतील. उताराचा चौक त्यांच्याच मार्गावर. त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, "सूनबाई, गाडीत उभी माणसं असतात गं."

मी म्हटलं, "अप्पा, जगभर हेच सूत्र वापरतात."

"असेल," ते म्हणाले. "जगभर सगळ्यांना बसायला जागा मिळत असेल."

जुन्या लोकांना बदल नको असतो. पण त्यांनी वाद घातला नाही हा त्यांचा मोठेपणा.

११ मार्च

नवी वेळ लावली. सकाळी पावणेनऊला रांग औषधांच्या दुकानाशी संपत होती, शाळेच्या खूप अलीकडे. मोठे साहेब स्वतः बघायला आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "शिका काहीतरी या मुलीकडून." माझ्या वयाच्या दुप्पट माणसांना असं म्हणू नये, पण मी थांबवलं नाही.

२ एप्रिल

उताराच्या चौकातल्या कॅमेऱ्यात लाल तोडणारे फार वाढलेत. साहेब म्हणाले, लोकांना शिस्तच नाही, पिवळा म्हणजे पळा असा अर्थ घेतात. 'पिवळा'मधली वेलांटी आणि 'व' खाल्ला की 'पळा'च उरतं, असा विनोद मी केला. सगळे हसले.

१८ एप्रिल

अप्पांच्या बसनं आज लाल तोडला. उताराच्या चौकात, दुपारी चार वाजता. आडव्या रस्त्यावरून स्कूटरवाला नुकताच सुटला होता. त्यानं बस पाहून करकचून ब्रेक मारला आणि घसरून पडला. बसचा धक्का लागला नाही. मनगट मोडलंय, बाकी ठीक आहे. अप्पा त्याच्याबरोबर दवाखान्यात बसून राहिले, त्याची बायको येईपर्यंत.

बत्तीस वर्षांत अप्पांच्या गाडीनं कुणाला ओरखडा काढला नव्हता. घरी आल्यावर त्यांनी नेहमीसारखे पाय धुतले आणि शर्ट दोरीवर टाकला. मग मलाच विचारलं त्यांनी, "तुझी नोकरी कायम कधी व्हायची?"

"पुढच्या महिन्यात कागद निघेल. का?"

"असंच."

धक्क्यानं माणूस भलतंच बोलतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

१९ एप्रिल

अप्पांनी डेपोत जबाब लिहून दिला. एकच ओळ: "पिवळ्याकडे माझे लक्ष नव्हते."

मला राग आला, आणि तो लपवता आला नाही. म्हटलं, "अप्पा, तुम्ही? लक्ष नव्हतं?" ते वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले, "वय होतं गं माणसाचं." चौकशी बसणार आहे. दोष सिद्ध झाला तर लायसन्स जाईल, आणि शेवटचे आठ महिने बाकी असताना बडतर्फी होईल. बत्तीस वर्षं चाललेली गोष्ट अशा एका ओळीनं संपवायची?

आत स्वयंपाकघरात सासूबाई म्हणाल्या, "यांचं लक्ष नव्हतं म्हणे. इथं दूध उतू जायला लागलं की अंगणातून हाक मारणारा माणूस हा." मग माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. माझ्यावर का रागावल्यासारख्या दिसत होत्या ते कळलं नाही. मी तर त्यांच्याच बाजूची आहे.

२१ एप्रिल

अप्पांना गाडी देत नाहीत. डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसवलंय. संध्याकाळी हसत सांगत होते की एकाच दिवशी तीन छत्र्या, एक कवळी आणि एक पेटी आली. कवळीवाला अजून आलेला नाही. हसणं खरं नव्हतं. रात्रीच्या जेवणाला अर्धी भाजी ताटात तशीच.

चौकशी ५ मेला.

२४ एप्रिल

सुट्टीचा दिवस. अप्पांच्या गाडीवरच्या कंडक्टरताई घरी आल्या. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. अप्पा बाहेर गेलेत हे बघून मगच बसल्या. चहाचा कप हातात घेऊन थेट मलाच विचारलं, "लक्ष नव्हतं असं त्यांनी लिहिलंय, आणि तुम्ही ते खरं मानलंत?"

मी म्हटलं, त्यांनी स्वतः लिहिलंय.

"अहो, चौदा वर्षं मी त्यांच्या पाठीमागे उभी आहे," ताई म्हणाल्या. "ब्रेकवर पाय ठेवायच्या आधी त्यांची नजर आरशात जाते. पाठीमागचा रस्ता बघायच्या आरशात नाही, आतल्या. दांड्याला किती हात आहेत ते बघतात. कोण एका हातानं धरून उभं आहे, कुणाच्या हातात मूल आहे. त्यावर ठरतं ब्रेक किती लावायचा ते. आमच्या गाडीत माणसं उभ्यानं डुलक्या काढतात, दुसऱ्या कुठल्या गाडीत काढतात का बघा. त्या दिवशी एक म्हातारी दोन्ही हात सोडून पिशवीत सुटे शोधत होती. पिवळा लागला. त्यांनी दिवा पाहिला, आरसा पाहिला आणि गाडी सोडली. ब्रेक मारला असता तर म्हातारी थेट काचेवर आली असती."

"मग जबाबात हे का नाही लिहिलं?"

ताईंनी कप खाली ठेवला. "ते त्यांनाच विचारा. मला शपथ घातलीय."

कसली शपथ, ते काही बोलल्या नाहीत. अप्पांना बहुधा म्हातारीला यात ओढायचं नसेल. मी मात्र दिवसभर त्या आतल्या आरशाचाच विचार करतेय. मी याच माणसाला जगभरचं सूत्र ऐकवलं होतं.

२५ एप्रिल

सुट्टी टाकून ताईंच्या बसमधून चार फेऱ्या मारल्या. आता त्यांच्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर आहे, नेक माणूस. मी पुढच्या दारापाशी दांडा धरून उभी, हातात वेळ मोजायचं घड्याळ.

चौथ्या फेरीला ताई माझ्याशेजारी टेकल्या आणि आपला तक्ता भरू लागल्या. प्रत्येक थांब्यानंतर किती माणसं बसली आहेत, किती उभी, ते त्यात लिहितात. सहज नजर गेली. दोन रकाने होते. एकावर छापलं होतं "ब. प्रवा.", दुसऱ्यावर "उ. प्रवा."

मी विचारलं, "हे उ. प्रवा. काय?"

"उभे प्रवासी," ताई म्हणाल्या. "का हो?"

मी पुढच्या थांब्यावर उतरले. फुटपाथच्या कठड्यावर किती वेळ बसले होते सांगता येणार नाही.

त्या चौकातले दोन सेकंद उजव्या प्रवाहासाठी नव्हतेच. कुठल्या तरी जुन्या इंजिनिअरनं बसवाल्यांना विचारून, त्यांच्याच भाषेत, उभ्या माणसांसाठी ते लिहून ठेवले होते. आणि मी ते खाल्ले. अप्पांनी मला पहिल्याच दिवशी, भाजी वाढली जात असताना, एका वाक्यात सांगितलं होतं.

२६ एप्रिल

पहाटे रस्ता मोकळा असताना नवऱ्याला फितीचं दुसरं टोक धरायला नेलं. तो जांभया देत होता पण गेला नाही सोडून. काल मोजलेल्या आकड्यांवरून, उभ्या माणसांना न पाडता ती बस उतारावर थांबायला एक्केचाळीस मीटर घेते. आधीच्या एका सेकंदाचे अकरा. एकूण बावन्न. आणि तीन सेकंदांच्या पिवळ्यात बस जाते फक्त तेहतीस मीटर.

थांबरेषेपासून तेहतीसवर खडूनं एक रेघ मारली, बावन्नवर दुसरी. पिवळा लागताना बस या दोन रेघांच्या मधे असेल तर ड्रायव्हर काहीही करो, चुकणारच. गेला तर लाल तोडतो, थांबला तर माणसं पाडतो. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, ते मी आज फितीनं मोजलं: एकोणीस मीटर. कॅमेऱ्याच्या नोंदीनुसार पिवळा लागला तेव्हा अप्पांची गाडी रेषेपासून चाळीस मीटरवर होती. लाल लागल्यावर सहा दशांश सेकंदांनी त्यांनी रेषा ओलांडली.

पाचचा पिवळा असता तर ते पिवळ्यातच निघून गेले असते. नवरा खडूच्या रेघांकडे बघत म्हणाला, "म्हणजे चूक अप्पांची नाही?"

"नाही. माझी."

त्यानं फीत गुंडाळली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याला दुसरं काय सुचणार, आणि मला तरी काय.

२७ एप्रिल

मोठ्या साहेबांना सगळं दाखवलं. ते हुशार आहेत, दोन मिनिटांत समजले. "पाच करून टाका, आजच," म्हणाले. मग दार लोटून घेतलं. "पण कागदावर काही नको. नेहमीची दुरुस्ती म्हणून जाऊ द्या. तुमचं कायम व्हायचं पत्र सहीसाठी माझ्या टेबलावर आहे. सासऱ्यांची चौकशी दुसऱ्या खात्याची. त्यांनी कबूलच केलंय ना?"

ते वाईट मनानं बोलले नाहीत, हीच पंचाईत. मी "बरं" म्हणून बाहेर आले. पिवळा पाच केला. मग जागेवर बसून कोरा कागद घेतला आणि कितीतरी वेळ तारीखच लिहीत बसले.

१ मे

घरात सांगितलेलं नाही. भीती वाटतेय, हे इथं तरी लिहिते. नोकरी गेली तर पुन्हा इतकी मनासारखी मिळणार नाही. मला हे काम आवडतं. लोक ज्याच्याकडे बघून थांबतात ते आपण ठरवतो, याचा मला गर्व होता आणि अजूनही आहे. आज अप्पा सकाळी इस्त्रीचा गणवेश घालून खिडकीवर बसायला गेले. खिडकीसाठी गणवेश लागत नाही.

५ मे

चौकशीच्या खोलीत एक लांब टेबल, पंखा आणि चौकशी करणाऱ्या बाई. अप्पा खुर्चीच्या टोकावर बसले होते. मला दारात बघून अर्धवट उठले. "तू इथं कशाला? जा, कामावर जा."

मी गेले नाही. बाईंपुढे कागद ठेवले.

"आपण कोण?" त्यांनी विचारलं.

"त्या चौकातल्या दिव्याच्या वेळेवर जिची सही आहे ती मी. पिवळा पाचचा तीन मी केला."

"आणि?"

"आणि यांची सून."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे साक्ष घरचीच झाली."

खरं होतं ते. मी म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नका, बसमध्ये उभ्या राहून बघा. त्या खरंच उठल्या. डेपोतली गाडी, थोडा वेळ अडवलेला उताराचा रस्ता, वीस कर्मचारी उभे, अप्पांऐवजी दुसरा ड्रायव्हर. पिवळा माझ्या हातातल्या शिट्टीचा. पहिल्यांदा दूरच्या रेघेच्याही आधी शिट्टी मारली, गाडी लोण्यासारखी थांबली. दुसऱ्यांदा चाळीस मीटरवर मारली आणि ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं की काहीही झालं तरी रेषेवर थांबायचं. तो थांबला. चौकशीच्या बाई कंडक्टरताईंच्या कुशीत आणि फाइल ड्रायव्हरच्या मांडीवर. हसायची कुणाची हिंमत झाली नाही. बाईंनी केस सारखे केले, म्हणाल्या, "कळलं."

परत खोलीत आल्यावर त्या अप्पांकडे वळल्या. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पिवळा बदलला त्या दिवसापासून. पाय सांगतो ना."

"मग लक्ष नव्हतं असं खोटं का लिहून दिलंत?"

अप्पा आपल्या हातांकडे बघत होते. म्हणाले, "बाई, माझी नोकरी पिकून गळायला आली. तिची अजून कच्ची आहे."

त्या क्षणी मला सगळं कळलं. नोकरी कायम कधी होणार हा प्रश्न, ताईंची शपथ, सासूबाईंची ती नजर. मी घरात सगळ्यात शिकलेली, आणि सतरा दिवस समोर चाललेलं मला दिसलं नाही. रडू आलं ते आवरलं नाही. अप्पा कुजबुजले, "डोळे पूस. इंजिनिअर आहेस ना."

८ मे

निकाल आला. अप्पांवरचा ठपका रद्द, खोटा जबाब दिल्याबद्दल लेखी समज. मला ताकीद, आणि कायम होणं सहा महिने पुढे. मोठे साहेब दोन दिवस बोलले नाहीत, आज म्हणाले, "जायच्या आधी निदान मला विचारायचं तरी." स्कूटरवाल्याला भेटून सगळं सांगितलं. तो म्हणाला, त्याच्या बाजूला हिरवा होता, त्याला त्यापलीकडे काही नको. बरोबर आहे त्याचं.

सासूबाईंनी आज मला जवळ घेतलं. "मी तुझ्यावर रागावले होते," म्हणाल्या. "तुला दिसत कसं नाही म्हणून." मी म्हटलं, माझाही माझ्यावर तोच राग आहे.

९ मे

अप्पा परत गाडीवर. संध्याकाळी पाय धुऊन माझ्याजवळ येऊन बसले. मला वाटलं शाबासकी देतील. म्हणाले, "तू तीन केलास तेव्हापासून पाच करेपर्यंत त्या चौकात कॅमेऱ्यात किती जण सापडले?"

"तीनशेच्या वर आहेत."

"लाल लागल्या लागल्या गेलेले?"

"दोनशे अकरा. दोन सेकंदांच्या आतले."

"त्यातल्या किती जणांची सून सिग्नलच्या खात्यात आहे?"

उत्तराची वाट न बघता ते झाडांना पाणी घालायला गेले. या माणसानं बत्तीस वर्षं रोज अनोळखी माणसांचे हात मोजले, ते सोडणार कसे.

१४ मे

मोठ्या साहेबांनी पत्रावर सही केली: त्या दोनशे अकरा जणांवरची नोंद रद्द. आश्चर्य म्हणजे फार घासाघीस करावी लागली नाही. पत्रं जातीलच, पण फोनही करायचे असं मी ठरवलंय, ऑफिस सुटल्यावर घरून, रोज दहा. सगळ्यांना एकच वाक्य: चूक तुमची नव्हती, दिव्याची होती, आणि दिवा मी लावला होता.

आजच्या पहिल्या सहांपैकी दोघं हसले, एकानं शिव्या घातल्या, त्या मी ऐकून घेतल्या. तिघांना प्रकार आठवतही नव्हता.

सातवा नंबर एका बाईंचा. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायच्या. मी वाक्य म्हटलं.

मग त्या म्हणाल्या, "आठ मुलं होती गाडीत. मला वाटलं माझा अंदाज गेला. डोळे तपासले, डोळे ठीक निघाले. मग वाटलं, डोकंच ठिकाणावर नाही. त्या दिवसापासून चावीला हात लावलेला नाही. व्हॅन भाच्याला देऊन टाकली." आवाज बदलला. "दोन महिने झाले. आता तर बसल्या जागी हात कापतो. तुम्ही आता सांगताय होय?"

मनगटाचं हाड जुळतं. याला काय करायचं, हे कुठल्या सूत्रात नाही. मी नुसतीच "माफ करा, माफ करा" म्हणत राहिले.

अप्पा समोर बसून ऐकत होते. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"बाई, मी शहर बसचा ड्रायव्हर बोलतोय. त्याच चौकात, त्याच पिवळ्यात मीही अडकलो होतो... हो, लाल तोडला. मलाही बसवून ठेवलं होतं... कापतो ना हात? माझाही कापला, परवा पहिल्या फेरीला. दुसऱ्या फेरीला कमी कापला. असं करा, उद्या मला सुट्टी आहे. सकाळी सातला उताराच्या वरच्या टोकाला या. मुलाची गाडी घेऊन येतो. तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. कितीही फेऱ्या मारू, मला घरी काही काम नाही... नाही नाही, मुलांना नंतर बसवू. आधी आपण दोघंच."

मग बराच वेळ ते नुसते ऐकत होते, मधून मधून मान हलवत, जणू त्या समोरच बसल्या आहेत.

फोन माझ्या हातात परत देत म्हणाले, "येते म्हणाली. पुढचा नंबर लाव."